बोटहाऊस हलवलं त्या दिवशी

"घोडी कुणी हलवली?"

सुभेदारांचा आवाज आला त्याच्या आधी आत काहीतरी धाडकन पडल्याचं ऐकू आलं होतं. मी आणि अस्मा काठावर वल्ही धूत होतो. तशाच ओल्या हातांनी आत धावलो. बोटी ठेवायच्या लाकडी घोड्यांपैकी एक आडवी झाली होती आणि सुभेदार तिच्याशेजारी जमिनीवर बसून नडगी दाबून धरत होते. पँटचा पाय रक्तानं ओला होत चालला होता.

"मी हलवली," अस्मा म्हणाली. "फरशी झाडायला. इथंच तर ठेवलीय, हातभर अलीकडं."

"हातभर! अठरा वर्षं ती घोडी एका जागी आहे. तिला हात लावायला तुला कुणी सांगितलं?"

"लागलंय तुम्हाला. बघू."

"काही बघायचं नाही. घोडी आधी जागेवर ठेव."

अस्मानं घोडी उचलून होती तिथं ठेवली. सुभेदार खांबाला धरून उठले, घोडीवरून हात फिरवला आणि बाहेर गेले. अस्मा माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हातारा नव्या बोटहाऊसचा राग आपल्यावर काढतोय."

मलाही तसंच वाटलं. सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. साताऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर आंबखोलचं धरण आहे, त्याच्या तलावावर आमचा रोइंग क्लब. सुभेदार धोंडिराम खैरमोडे आमचे प्रशिक्षक. फौजेत असताना ते रोइंग शिकले, तिथं पदकं मिळवली आणि निवृत्त होऊन गावी आले ते वल्ही घेऊनच, असं लोक म्हणायचे. सागाचे खांब आणि वर पत्रा, एवढंच आमचं बोटहाऊस. आम्ही त्याला शेडच म्हणायचो. ती सुभेदारांनी स्वतः उभी केलेली. आता खांब खालून कुजले होते. त्यात धरणाची भिंत वाढवायचं काम पुरं होत आलेलं. येत्या पावसाळ्यात पाणी वर चढलं की शेड बुडणार, हे नक्की होतं. म्हणून पलीकडच्या काठावर, उंच जागी, क्लबनं नवं बोटहाऊस बांधलं. पक्क्या भिंती, सरकती दारं, पाण्यापर्यंत सिमेंटचा उतार, मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली. ती खोली बघून आम्ही दोघी हरखून गेलो होतो. तोवर आम्ही बोटीचं कापड आडवं धरून कपडे बदलत असू.

सुभेदार मात्र पहिल्या दिवसापासून विरोधात. कमिटीच्या बैठकीत ते एवढंच म्हणाले, "बोटी न्या. शेड पाडा. मी यायचा नाही." का, ते सांगेनात. क्लबचे सेक्रेटरी बाबर वकील हात जोडून त्यांच्या घरी जाऊन आले. शेवटी काकींनी, म्हणजे सुभेदारांच्या बायकोनं, काय सांगितलं कोण जाणे, ते तयार झाले. बाबरसाहेबांनी लगेच जाहीर केलं की नव्या बोटहाऊसची फीत सुभेदारच कापणार. त्यांचा राग निवावा म्हणून.

बोटी हलवायचा दिवस रविवारचा ठरला. सगळ्या बोटी वल्हवत, एका रांगेत, जुन्या काठावरून नव्या काठावर न्यायच्या. पुढं लहान पोरांच्या रुंद बोटी, मग मोठ्यांच्या, आणि सगळ्यात मागं सुभेदारांची मोटरलाँच. कुणी पाण्यात पडलं तर उचलायला ती लाँच रोजच आमच्या मागं असायची. आणि ती सुभेदारांशिवाय कुणी चालवत नसे.

मला आणि अस्माला त्या रविवारचं वेगळंच दडपण होतं. राज्याच्या निवड समितीच्या सरनोबत मॅडम उद्घाटनाला येणार होत्या आणि आमच्या जोडीला बघणार होत्या. दोघींची बोट असते ना, त्यात दोघी एकीमागं एक बसतात आणि पाठमोऱ्या जातात. पुढचं काही दिसत नाही. अस्मा वेग ठरवायची. मी तिच्या पाठीमागं बसायचे, आणि अधूनमधून मान वळवून वाट बघायचं काम माझं. दोन वर्षं आम्ही अशा एकत्र बसत होतो. मॅडमना जोडी पसंत पडली तर पुण्याला शिबिर, मग राष्ट्रीय स्पर्धा. अस्माच्या घरी, मुलाण्यांकडं, तिला एकटीला कुठं पाठवत नसत. "प्रमिला असेल तर जा," असं तिचे अब्बा म्हणायचे. आमच्या घोरपड्यांकडंही थोड्याफार फरकानं हेच. म्हणजे आम्ही दोघी एकमेकींचा परवानाच होतो म्हणा ना.

शनिवारी दुपारी बाबरसाहेबांनी मला सुभेदारांबरोबर नव्या बोटहाऊसमध्ये पाठवलं. कुठली बोट कुठल्या फळीवर ठेवायची ते त्यांनी सांगायचं आणि मी खडूनं खुणा करायच्या. जीपनं गेलो. दारात उतरल्यावर सुभेदार आत यायलाच तयार नव्हते. बराच वेळ उंबऱ्यात उभे राहिले. मग भिंतीला हात लावून हळूहळू आत आले. पावलं अशी टाकत होते, जणू फरशी अजून ओली आहे.

रखवालदारानं चहा आणून दिला. मी एक कप सुभेदारांपुढं केला. म्हणजे ते समोर बघत होते आणि मी डाव्या हाताला, अगदी खांद्याशी उभी होते.

त्यांनी कप घेतला नाही.

मला वाटलं, रागात आहेत. मी तशीच हात पुढं करून उभी राहिले. आणि मग ते समोर बघत मोठ्यानं म्हणाले, "प्रमिला! कुठं गेलीस गं?"

मी काही बोलले नाही. का बोलले नाही, ते मला सांगता येणार नाही. मी मोकळा हात हळूच त्यांच्या कानाजवळ नेला आणि हलवला. एकदा. पुन्हा एकदा. त्यांची पापणी लवली नाही. मग मी एक पाऊल पुढं, त्यांच्या समोर आले, तेव्हा ते दचकून म्हणाले, "हां. आलीस होय. चहा आण की मग."

"हा घ्या."

कप त्यांनी नीट घेतला. माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "काय झालं? तोंड का उतरलं?"

"काही नाही. उद्याचं टेन्शन."

"उद्या सरळ मार. मान फार वळवतेस तू. बोट डगमगते."

समोरचं त्यांना दिसत होतं, ते अगदी खरं. माझं तोंड उतरलेलं दिसलं, घड्याळातला काटा दिसायचा, बोटीवरची भेग दिसायची. पण बाजूचं? परत येताना जीपमध्ये एकेक गोष्ट मनात येऊ लागली. संध्याकाळचा सराव त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद केला होता. अंधार पडायच्या आत घरी जायची घाई करायचे. शेडमध्ये कुणी बादली जागची हलवली तरी चिडायचे. लाँचवर जाताना आम्हाला बजावायचे, "माझ्या बाजूला कुणी यायचं नाही. पुढं राहा, दिसत राहा." आम्ही ते शिस्त म्हणून ऐकायचो.

आणि उद्या हा माणूस, कधीही न गेलेल्या वाटेनं, समोर उगवतीचं ऊन घेऊन, पोरांच्या बोटींमागून लाँच नेणार होता.

मी जीपमधून उतरले ती सरळ बाबरसाहेबांच्या घरी गेले. ते अंगणात मांडववाल्याशी बोलत होते.

"साहेब, उद्या लाँच दुसऱ्या कुणी चालवली तर?"

"का गं?"

"नाही, सुभेदारांना फीत कापायचीय. कपडे भिजतील."

ते हसले. "अगं, लाँचवरून रुबाबात उतरतील आणि फीत कापतील. माझीच कल्पना आहे." मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "काही झालं का? काही बोलले ते? हे बघ प्रमिला, महत्प्रयासानं राजी केलंय त्यांना. आता लाँच काढून घेतली तर उद्या ते घराबाहेरसुद्धा पडायचे नाहीत."

माझ्या तोंडावर आलं होतं, की त्यांना दिसत नाही. पण मला तरी नक्की काय ठाऊक होतं? एका कपावरून आणि हलवलेल्या हातावरून मी हे सांगायचं? तेही ज्यांनी मला वल्हं धरायला शिकवलं त्यांच्याबद्दल, मांडववाल्यासमोर? मी "काही नाही" म्हटलं आणि घरी गेले. अस्माला सांगावं का, याचाही विचार केला. रस्त्यात तिचं घर लागलं. ती दारात बसून वल्ह्याच्या मुठींना नवी पट्टी गुंडाळत होती, माझ्याही. मला बघून तिनं वल्हं वर करून दाखवलं. मी हात केला आणि पुढं गेले.

रविवारी पहाटे तलावावर धुकं होतं. ते विरेपर्यंत थांबायचं ठरलं. थांबणं मला सोसेना. मी काठावर येरझाऱ्या घालत होते. अस्माला वाटलं मॅडमची धास्ती.

"घाबरतेस काय, आपण काय आज पहिल्यांदा मारतोय? मी मिनिटाला बत्तीस फटक्यांनी सुरुवात करते. तू फक्त माझ्या खांद्यांकडं बघ."

"हं."

धुकं फाटलं. पलीकडच्या काठावर नवं बोटहाऊस पांढरं दिसायला लागलं, मांडवाच्या झालरी दिसल्या. पोरांच्या बोटी निघाल्या. दंगा, हाका, एकमेकांवर पाणी उडवणं. मग मोठ्यांच्या. आम्ही आमच्या बोटीत बसून पाय पट्ट्यांत अडकवले. आमची पाळी शेवटची होती, म्हणजे मॅडमना पुरतं अंतर आम्ही वेगात मारताना दिसू.

आमच्यापासून थोड्या अंतरावर सुभेदार लाँचमध्ये चढत होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, छातीवर पदकं, डोक्याला फेटा. काकींनी स्वतः बांधलेला. लाँच बांधलेला दोर सोडायला ते वाकले. दोर त्यांच्या उजव्या पायाशीच होता. ते समोर चाचपडले, मग डावीकडं चाचपडले, मग पुन्हा समोर. शेवटी सगळं डोकं उजवीकडं वळवलं तेव्हा त्यांना तो दिसला.

मी पायांच्या पट्ट्या सोडल्या.

"काय करतेस?" अस्मा मान वळवून म्हणाली.

"अस्मा, मी येत नाही."

"काय?"

"तू एकटीची बोट काढ. ती निळी. अजून इथंच आहे. तू एकटी चांगली मारतेस."

"तुझं डोकं फिरलंय का? मॅडम बघताहेत! प्रमिला! अगं, काय झालंय ते तरी सांग!"

"नंतर सांगते."

मी गुडघाभर पाण्यात उतरले. अस्माचा चेहरा मला अजून आठवतो. राग नव्हता त्यावर. तो नंतर आला. तेव्हा नुसतं, भर बाजारात कुणीतरी हात सोडून गेल्यासारखं होतं. मी मागं न बघता पाणी तुडवत गेले आणि लाँचच्या कडेला धरून वर चढले.

"कोण?" सुभेदार म्हणाले.

"मी. प्रमिला."

"तुझी बोट?"

"अस्मा एकटीची काढतेय."

"उतर खाली."

"नाही."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं रोखून पाहिलं. सैन्यातला माणूस. त्या नजरेपुढं आम्ही कधी उभं राहिलो नव्हतो. मी जाऊन पुढच्या टोकाला बसले. पोरांच्या बोटी लांब चालल्या होत्या, थांबायला वेळ नव्हता. त्यांनी मोटर चालू केली.

निम्मा तलाव ठीक गेला. सूर्य अगदी समोर, पाण्यावर सगळी चकाकी. माझेच डोळे मिटत होते. सुभेदार मागं बसून मोटरच्या दांड्यावर हात ठेवून ताठ समोर बघत होते. डावीकडून अस्मा एकटीच्या बोटीत आम्हाला ओलांडून गेली. काय मारत होती! तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सुभेदारांनी विचारलं, "कोण गेलं ते?"

"अस्मा."

"वल्ही स्वच्छ पडताहेत," ते म्हणाले. ते त्यांनी कानानं ओळखलं होतं.

पुढं पोरांच्या बोटींची रांग विस्कटली होती. एका बोटीतल्या पोराचं वल्हं पाण्यात अडकलं आणि ती गर्रकन फिरून आडवी झाली. पाच पोरं खिदळत उभी राहायला बघत होती. आमच्या वाटेच्या डाव्या अंगाला, जरा पुढं.

"डावीकडं!" मी ओरडले. "सुभेदार, डावीकडं!"

मला म्हणायचं होतं, बोट डावीकडं आहे. त्यांना वाटलं, लाँच डावीकडं घ्यायला सांगतेय. त्यांनी दांडा फिरवला आणि लाँचचं नाक सरळ त्या पोरांवर वळलं.

मग काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. पोरांचे उघडे दात. एकाची लाल टोपी. त्यांना कळलंच नव्हतं, सुभेदार गंमत करताहेत असं वाटून ती हात हलवत होती. मी बाकावरून मागं झेप घेतली, सुभेदारांच्या गुडघ्यावर पडले, एका हातानं दांडा ढकलला आणि दुसऱ्यानं मोटरचा लाल खटका दाबला. कडकन आवाज झाला. काहीतरी मोडलं. लाँच हेलकावत पुढं सरकली. मला मान वर करायचा धीर होईना.

"ए सुभेदार! माझं वल्हं मोडलं की ओ!" एक पोरगं ओरडलं आणि बाकीची हसायला लागली.

मी बघितलं. पाच होती. पाचही बोटीत होती. वल्ह्याचं पातं अर्धं तुटून पाण्यावर तरंगत होतं.

"बसा खाली!" मी ओरडले, आणि माझा आवाज चिरकला. "उरलेल्या वल्ह्यांनी हळूहळू जा. उभं राहायचं नाही!"

ती गेली. मोटर बंद होती. लाँच आपोआप हलत होती. सुभेदार तसेच बसले होते, फेटा कलला होता.

"किती जवळ होती?" त्यांनी विचारलं.

"वल्ह्याइतकी."

त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

"तुला कधी कळलं?"

"काल. चहाच्या वेळी."

"काचबिंदू आहे. चार वर्षं झाली. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात. नळीतून बघावं तसं दिसतं. समोरचं एवढं," त्यांनी दोन्ही हातांनी एक लहान गोल करून दाखवला, "बाकी काही नाही. नळी बारीक होत चाललीय."

"आणि कुणाला माहीत आहे?"

"तुझ्या काकीला. दुसऱ्या कुणाला नाही." थोडं थांबून म्हणाले, "शेडमध्ये मला डोळे लागत नव्हते गं. कुठला खांब कुठं, कुठल्या बोटीचं टोक किती बाहेर आलंय, सगळं अंगाला ठाऊक. पाण्यावरपण तेच. काठावरचा उंबर आला की वळायचं, शेतातल्या पंपाचा आवाज आला की सरळ. तुम्हा पोरांना त्या काठावर मी म्हातारपणीपर्यंत शिकवलं असतं. या काठावर मी नवखा. इथं माझ्या डोळ्यांचं पहिल्या दिवशी सगळ्यांना कळणार होतं. बाबर म्हणतोय, नव्याचं वावडं आहे सुभेदारांना. म्हणू दे म्हटलं."

मला रडू येत होतं, पण रडायची ती वेळ नव्हती. पलीकडं ताशा वाजायला लागला होता. सगळ्या बोटी पोचत होत्या आणि लाँच मध्येच उभी.

"सुभेदार, उन्हाळ्याच्या शिबिराला गावोगावची पोरं येणार आहेत."

"माहीत आहे."

"आज सांगा."

"आज नको. आज पाहुणे आलेत. पुढच्या आठवड्यात मी राजीनामा देतो. गुडघे दुखतात म्हणून."

"तुम्ही राजीनामा देणार नाही," मी म्हटलं. एवढं धाडस माझ्यात कुठून आलं ठाऊक नाही. "पुढच्या आठवड्यात परत ही लाँच काढाल. कारण दुसरं कुणी नाही असं तुम्हाला वाटतं."

"मग आहे कोण?"

"मी आहे."

ते एका हातानं कड धरून उठले, माझ्या खांद्याला धरून पुढच्या बाकावर जाऊन बसले. "ये. दांडा धर. डावीकडं ढकललास की उजवीकडं वळते. घाबरून एकदम ढकलू नकोस."

मी मोटर चालू केली. पहिल्यांदाच. काठ जवळ येत होता. मी त्यांच्या पाठीकडं बघून म्हटलं, "मी आपणहून कुणाला सांगणार नाही. पण तिथं तुमचा हात धरून तुम्हाला सांभाळूनही घेणार नाही. मला नाही जमणार ते."

त्यांनी मान हलवली की लाटेनं हलली, मला कळलं नाही.

उतारावर गर्दी होती. मला मोटर चालवताना बघून बाबरसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. अस्मा काठावर दोन्ही हात कमरेवर ठेवून धापा टाकत उभी होती. शेजारी सरनोबत मॅडम, गळ्यात दुर्बीण. त्यांनी अस्माला काहीतरी विचारलं. अस्मानं माझ्याकडं बोट दाखवलं आणि तोंड फिरवलं.

सुभेदार उतार चढले. मी मागं होते. सरकत्या दारावर केशरी फीत बांधली होती. भाषण झालं, नारळ फुटला. मग उद्घाटनाच्या प्रमुख पाहुण्यांनी तबकातली कात्री उचलली आणि सुभेदारांपुढं केली.

पुढं म्हणजे उजव्या बाजूनं.

सुभेदार समोर बघत उभे होते. पाहुण्यांचा हात तसाच राहिला. पाहुणे हसले. मग त्यांचं हसू विरलं. लोक कुजबुजायला लागले. मागं कुणीतरी स्पष्ट म्हणालं, "बघा, अजून राग गेला नाही. पाहुण्याच्या हातातून कात्री घेत नाही." बाबरसाहेब कानाशी येऊन म्हणाले, "सुभेदार, आता तरी सोडा. चार माणसांत शोभा नको."

मी दोन हातांवर होते. नुसतं कोपराला हात लावला असता, किंवा "कात्री" एवढा एक शब्द बोलले असते, तर झालं असतं. ते वळले असते, हसले असते, फीत कापली असती, आणि सोमवारी सकाळी पुन्हा लाँचवर बसले असते. मी स्वतःचे हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले. काकी समोर बायकांत उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर धरला होता. त्यांचे डोळे माझ्यावर होते, विनवल्यासारखे. मी खाली बघितलं. ताशेवाला थांबला होता.

आणि मग सुभेदारांचा आवाज आला. कवायतीच्या मैदानावरचा असावा तसा, शेवटच्या माणसाला ऐकू जाणारा.

"पाहुणे, तुम्ही बाजूनं काही देत असाल तर समोर धरा. मला बाजूचं दिसत नाही. आंधळा होत चाललोय मी."

ते गर्दीकडं वळले.

"आत्ता येताना पोरांच्या बोटीवर लाँच घालत होतो. घोरपड्यांच्या प्रमिलानं वाचवलं. पोरांचे आईबाप इथं असतील, त्यांनी ऐकून घ्या. इथून पुढं मी लाँच चालवणार नाही. हे मी चार वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. आता आणा ती कात्री."

पाहुण्यांनी कात्री समोर धरली. सुभेदारांनी ती घेतली, दुसऱ्या हातानं फीत चाचपून धरली आणि कापली. टाळ्या फार उशिरा वाजल्या, त्याही तुटक. बाबरसाहेब खांबाला टेकून खाली बघत होते.

त्यानंतर एक गृहस्थ, त्या लाल टोपीच्या पोराचे वडील, सुभेदारांवर ओरडले. ओरडणारच. सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं. काकी त्यांना घेऊन घरी गेल्या. महिनाभर ते क्लबकडं फिरकले नाहीत. मग एका सकाळी काकींच्या हाताला धरून आले आणि म्हणाले, "सगळे बाहेर व्हा." आम्ही सगळे बाहेर उभे राहिलो. आत ते दोघं भिंतीभिंतीनं फिरत होते. मधूनच काहीतरी आपटायचं, शिवी ऐकू यायची, काकी हसायच्या. दुसऱ्या दिवसापासून ते उतारावर खुर्ची टाकून बसायला लागले. शेवटपर्यंत बसले. कुणाचं वल्हं उशिरा पडतंय, हे त्यांना खुर्चीवरून कळायचं. लाँच मी चालवायचे. अजूनही मीच चालवते.

सरनोबत मॅडमनी त्या दिवशी अस्माला निवडलं. एकटीच्या बोटीसाठी. त्यांनी मला बघायचा योग पुन्हा कधी आला नाही. जोडीच उरली नव्हती. अस्माच्या अब्बांना समजावायला मीच गेले. "प्रमिला नसताना?" ते म्हणाले. "आता मॅडम आहेत," मी म्हटलं. ते कसेबसे कबूल झाले. अस्मा आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. सगळं तिला माहीत झालं होतं तरी ती माझ्याशी बोलत नव्हती. समोर आली की बूट बांधायला वाकायची.

चैत्रात ती पुण्याला निघाली. मी स्टँडवर गेले. तिची आई, अब्बा, भावंडं, सगळे होते. गाडी लागली. अस्मानं बॅग वर ठेवली, खिडकीशी बसली आणि मला हाक मारली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "तिथंच, पाण्यात उतरताना. एक वाक्य तर होतं."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

कंडक्टर दार लावत होता.

"मीपण उतरले असते," ती म्हणाली.

"म्हणून."

गाडी सुरू झाली. ती खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून माझं मनगट धरून राहिली, मी गाडीबरोबर चालायला लागले.

"एकटीनं मारताना ना," ती ओरडून म्हणाली, "पाठीमागं कुणाचा श्वास ऐकू येत नाही. फार वेळ लागणार आहे मला सवय व्हायला."

मी काहीतरी बोलले, पण गाडीनं वेग घेतला होता, आणि तिनं माझा हात सोडला.